मे महिन्यात गिनीपिगला उरलेल्या लादीचा गारवा
मुंबईच्या मे महिन्यात पंखा फुल स्पीडवर असला तरी गिनीपिग धापा टाकतो, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मग नुसत्या वाऱ्याचा उपयोग तो काय! तापमान २६-२७ अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे दुपारी ३३-३४ तर रोजचेच.

बाथरूमचं काम झाल्यावर उरलेल्या दोन लाद्या माळ्यावर पडून होत्या, त्याच कामी आल्या. कडप्प्याचा तुकडा मिळाला तर आणखी बरं, तो जास्त वेळ गार राहतो.

१. लादी धुवून, धारदार कडा पॉलिश पेपरने घासून घ्या.
२. एक लादी फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, तासभर ठेवा.
३. बाहेर काढून पुसा, जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवा. उरलेली जागा मोकळीच हवी, म्हणजे थंडी वाजली तर तो स्वतःच बाजूला होतो.
४. दीड-दोन तासांनी दुसऱ्या लादीशी अदलाबदल.

कापड ओलसर झालं की लगेच बदला. दमट हवेत खालचं गवत कुबट व्हायला वेळ लागत नाही.

हॅमस्टरलाही हे चालतं, फक्त लादी लहान घ्या.

आडवा पडून जोरात धापा टाकत असेल किंवा तोंडातून लाळ गळत असेल, तर लादीवर विसंबू नका. बर्फाचं पाणी अजिबात नको. कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा आणि तडक प्राण्यांचा डॉक्टर गाठा.