पेरिफेरी पोस्टिंगच्या अनुभवावर रिसर्च कसा करायचा

पेरिफेरी पोस्टिंग म्हणजे कॉलेजच्या हॉस्पिटलबाहेर, खेड्यातल्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात काही दिवस केलेलं काम. दरवर्षी दोनचार इंटर्न नाहीतर पीजीची (एमडी-एमएस करणारी) पोरं येतात, मॅडम मेडिकल एज्युकेशनवर काहीतरी करायचंय, गुगल फॉर्म काढू का? जरा थांबा. फॉर्म सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा तर लागतच नाही.

आधी विषय बारीक करा. 'ग्रामीण पोस्टिंगमधला विद्यार्थ्यांचा अनुभव' हे नुसतं पोतं झालं, त्यात काहीही कोंबता येतं. इंटर्नशिपच्या वर्षात कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे असतात, पीजीला जिल्हा रुग्णालयात 3 महिने डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) असते, यातलं एक काहीतरी धरा आणि त्यातलाही एकच प्रश्न. उदाहरणार्थ, पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) पहिल्या आठवड्यात इंटर्नला एकट्यानं काय काय करावं लागतं.

वाचन करताना बाहेरचे पेपर भरपूर सापडतील. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचा वामी कार्यक्रम 1971 पासून चालतोय, आता पाच राज्यांतली पोरं त्यातून आपापल्या भागात शिकतात. वाचा जरूर, पण तिथली प्रश्नावली जशीच्या तशी उचलू नका. तिथं पोरगं लांबच्या कॅम्पसवर वर्षभराहून जास्त राहतं, आपल्याकडं सीपीआरमधून (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) गगनबावडा नाहीतर चंदगडकडं काही आठवडे जातं आणि परत येतं, त्यामुळं प्रश्नच वेगळे पडतात. शिकण्याचं वातावरण कसं आहे ते मोजणारी ड्रीम नावाची 50 प्रश्नांची, 200 मार्कांची प्रश्नावली सगळीकडं वापरतात, तुलनेला ती बरी आहे, पण पावसात एसटी चुकली की रात्री राहायचं कुठं हे ती विचारत नाही.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या रिसर्चला परवानगी देणारी समिती. परवानगीच्या आधी एकही मुलाखत नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये विद्यार्थ्यांचा विचार दबावाखाली येऊ शकणाऱ्या लोकांत केलाय, आणि ते अगदी खरं आहे, कारण ज्यांची लॉगबुकवर (कामाच्या नोंदवहीवर) सही लागते त्यांच्यासमोर कुठलं पोरगं खरं बोलेल? म्हणून मुलाखत गाईडनं, म्हणजे रिसर्चला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकानं, घ्यायचीच नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटचं कुणीतरी बघा.

हे मी अनुभवातून सांगते. एका मुलीनं फॉर्मवर सगळीकडं 'समाधानी' टिक केलं होतं, नंतर चहा पिताना म्हणाली, मॅडम पहिल्या रात्री आजी आली, 'पोटात मुरडा मारतोय' म्हणाली, मला मुरडा म्हणजे काय तेच कळलं नाही आणि विचारायला कोण नव्हतं. ऑल इंडिया कोट्यातून बाहेरच्या राज्यातून आलेली पोरगी. हे कुठल्या फॉर्ममध्ये बसणार होतं? तेव्हापासून मी 'पोस्टिंग कसं वाटलं' असं विचारूच देत नाही. 'पहिल्या दिवशी सकाळी गेल्यापासून काय काय झालं ते सांग' म्हणायचं आणि गप्प बसायचं, मधेमधे 'मग?' एवढंच.

माणसं निवडताना मिसळ करा, मुली, मुलं, इथली, बाहेरची, तिथंच राहणारी, रोज अपडाउन करणारी. ग्रुपमध्ये बोलायचं असेल तर सहा ते आठ जण बास. नवीन काही निघेनासं झालं की थांबा.

रेकॉर्डिंग मराठीतच उतरवा आणि कोडिंगही, म्हणजे कुठलं वाक्य कशाबद्दल आहे त्याची लेबलं लावणं, मराठीतच करा. पोरं 'दडपण आलं' म्हणतात, 'भ्या वाटलं' म्हणतात, 'लाज वाटली' म्हणतात, इंग्रजीत नेलं की तिन्हीचं स्ट्रेस होतं आणि सगळा जीव जातो. भाषांतर पेपर लिहिताना फक्त वापरायच्या वाक्यांचं करा. दोघांनी वेगवेगळं कोडिंग करून मग समोरासमोर बसा, जिथं जुळत नाही तिथंच खरं काहीतरी असतं.

आणि नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. एका पीएचसीवर चारच इंटर्न, त्यात बाहेरच्या राज्यातली एकच मुलगी, तिचं वाक्य कुणीही ओळखेल. तालुका, राज्य, बॅच काढून टाका, आणि तरी शंका वाटली तर वाक्य छापायच्या आधी तिलाच वाचून दाखवा. वर मुरड्याचं लिहिलंय ते तिला विचारूनच.