गाडीचं वॅक्स: उन्हाळ्यात पातळ, थंडीत दगड

वॅक्सचा डबा डिकीत राहिला की उन्हाळ्यात वितळतो, त्यातलं द्रावक (वॅक्स मऊ ठेवणारा द्रव) उडून जातं आणि उरतो तो भेगाळलेला, सुकलेला गोळा. म्हणून डबा घरातच, सावलीच्या कपाटात, झाकण घट्ट लावून आडवा न करता ठेवा. पाण्यावर आधारलेलं लिक्विड वॅक्स गोठू देऊ नका; एकदा त्यातलं पाणी आणि वॅक्स वेगळं झालं की कितीही हलवा, नीट मिसळत नाही.

थंडीत पेस्ट वॅक्स कडक झालं तर:

१. झाकण बंद ठेवूनच डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ५-१० मिनिटं ठेवा. पाणी झाकणापर्यंत पोचू नये.
२. बाहेरून पुसा, मग उघडा.
३. स्पंज फक्त टेकवून फिरवा. थर जितका पातळ, तितकं पुसणं सोपं. (जाड थराने चमक वाढत नाही, हात मात्र दुखतात.)

दमट हवेत वॅक्स सुकायला वेळ लागतो, तेव्हा घड्याळाकडे बघू नका. बोट फिरवून पाहा: स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्या. बॉनेट हाताला गरम लागत असेल तर आधी गाडी सावलीत निवू द्या.

डबा गॅसवर किंवा ज्योतीजवळ मात्र कधीच गरम करू नका. आतलं द्रावक पेट घेतं.