जुनी गाडी टोटल लॉस ठरली? या चुका टाळा

विमा कंपनीचा फोन येतो, ‘तुमची गाडी टोटल लॉसमध्ये गेली’ असं सांगतात, आणि त्याच संध्याकाळी घरात निर्णय होऊन जातो. कुणी म्हणतं, घेऊन जा एकदाची. कुणी म्हणतं, काही झालं तरी मी गाडी सोडणार नाही. अपघाती गाड्या खोलण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलंय, आणि हे दोन्ही निर्णय मी घाईतच घेतलेले पाहिलेत. गाडी दुरुस्त होते का, हा प्रश्न नंतरचा. मनावर घेतलं तर जवळजवळ प्रत्येक गाडी दुरुस्त होते. आधी दोन आकडे काढा: पूर्ण तयार होऊन रस्त्यावर येईपर्यंत तिच्यात एकूण किती पैसे जातील, आणि त्या दिवशी ती कितीला विकली जाईल. हे दोन आकडे हातात येईपर्यंत कुठेही सही करू नका.

टोटल लॉस म्हणजे गाडी संपली, असं धरणं

टोटल लॉस हा पैशांचा हिशेब असतो. भारतात दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. अमेरिकेत ही मर्यादा राज्यागणिक बदलते: फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासमध्ये १००. जुन्या गाडीचं दुखणं यातच आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण हेडलाइट, बोनेट, रेडिएटर, एअरबॅग यांच्या किमती तिच्यासोबत उतरत नाहीत. नव्या गाडीला समोरून बसलेला जो मार मुकाट दुरुस्तीला जातो, तोच मार दहा वर्षांच्या गाडीला टोटल लॉस करतो.

म्हणून त्या शिक्क्यावरून गाडीची तब्येत कळत नाही. मार नुसत्या पत्र्याला आहे की सांगाड्याला, हे विचारा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून हा फरक वर्गवारीतच दिसतो: ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार, ‘एन’ म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान, आणि ‘ए’ व ‘बी’ या गाड्या पुन्हा रस्त्यावर येतच नाहीत. तुमच्याकडे अशी वर्गवारी नसेल तर सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या माणसाच्या, अहवालातली पार्ट्सची यादी मागून घ्या आणि ती एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. यादीत दारं, काचा, दिवे, बंपर एवढंच असेल तर गाडी ठेवण्याचा विचार जरूर करावा. गारांनी पत्रा ठोकला गेलेल्या जुन्या गाड्या तर मी कित्येकांना ठेवायलाच सांगितल्यात. त्यांच्या इंजिनाला आणि चॅसिसला काहीही झालेलं नसतं.

कंपनीने सांगितलेली पहिली रक्कम निमूट मान्य करणं

जिथे बाजारभावावर भरपाई ठरते तिथे हिशेब लेखी मागा. कुठल्या गाड्यांशी तुलना केली, व्हेरिएंट तेच धरलं का, रनिंग बरोबर लिहिलंय का, हे तपासा. सर्व्हिसची बिलं जोडून लेखी उत्तर द्या. फोनवर आवाज चढवून आकडा वाढत नाही.

भारतात आयडीव्ही पॉलिसी घेतानाच ठरलेली असते आणि पाच वर्षांवरच्या गाडीची ती मालक आणि कंपनीने मिळून ठरवायची असते. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ती खाली ओढणारे लोक मला दर पावसाळ्यात भेटतात. अपघातानंतर त्यांना मदत करायला माझ्या हातात काहीच उरलेलं नसतं.

गाडी न खोलताच ‘ठेवतो’ म्हणणं

या चुकीने सगळ्यांत जास्त पैसे जातात.

ओळखीतल्या एका गृहस्थांची सेडान होती, अत्यंत निगुतीने ठेवलेली. समोरचा डावा कोपरा ठोकला गेला. कंपनीने दोन पर्याय दिले: गाडी सोडा आणि पूर्ण रक्कम घ्या, किंवा गाडी ठेवा आणि भंगाराची किंमत कापून उरलेली घ्या. त्यांनी उभ्या उभ्या एका फिटरला गाडी दाखवली. त्याने बंपर, फेंडर, हेडलाइट, बोनेट एवढं मोजून आकडा सांगितला आणि यांनी ‘ठेवतो’ म्हणून सही करून टाकली.

माझ्याकडे गाडी आली ती अर्धी खोललेल्या अवस्थेत. फेंडर काढल्यावर एप्रन, म्हणजे त्याच्या आतला पत्रा, दुमडलेला दिसला. त्याच्या मागे लाँग मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या लांब दांड्याला, पीळ पडला होता आणि चाकाला खालून धरणारा लोअर आर्म जिथे बसतो ती जागाच सरकली होती. एसीचा कंडेन्सर मागे जाऊन रेडिएटरला भिडला होता. गिअरबॉक्सच्या माउंटिंगपाशी केसिंगला बारीक तडा होता. तो दिसला तेव्हा बॉडीचं काम संपत आलं होतं. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, आता एवढे घातलेच आहेत तर हेही करून टाका. गाडी दिसायला सुरेख झाली, पण चॅसिस पूर्ण सरळ झालंच नव्हतं. अलाइनमेंट टिकेना, टायर आतून खाऊ लागला. शेवटी ती ज्या भावात गेली त्यातून दुरुस्तीचा खर्चही निघाला नाही.

मुळात त्यांनी हिशेबच चुकीचा मांडला होता. समजा गाडीची किंमत १०० आहे आणि कंपनी भंगाराचे २५ कापते. हातात ७५ येतात आणि गाडी दारात राहते, म्हणून ती फुकट पडली असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही ती ठोकलेली गाडी २५ ला विकत घेतलेली असते. त्यात ६० ची दुरुस्ती केलीत तर ती ८५ ला पडली, आणि अपघाताची नोंद असलेली गाडी ठोकण्याआधीच्या १०० ला कुणीही घेणार नाही. ती ७० ला गेली तर १५ तुमच्या खिशातून गेले.

माझी सवय सांगतो. सही करण्याआधी बंपर, फेंडर आणि चाकावरचं आतलं आवरण (लायनर) काढायचं, गाडी लिफ्टवर घ्यायची आणि खालून टॉर्च मारून पाहायची. इंजिन बेच्या, म्हणजे बोनेटखालच्या जागेच्या, कर्णरेषा टेपने मोजायच्या. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की थांबायचं. सांध्यांवरचं सीलंट तडकलंय का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का, दारांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का, हे बघायचं. मग जो आकडा निघेल त्यावर मी आणखी चौथा हिस्सा चढवतो आणि त्यानंतरच मालकाला मत देतो. या तपासणीची मजुरी द्यायला लोक कुरकुरतात आणि नंतर तिच्या कितीतरी पट घालवतात. तपासणी न करता फोटोवरून एस्टिमेट मागणाऱ्याला मी नाही म्हणतो.

एअरबॅगच्या दिव्याला फसवणं

उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. सीट बेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा आवळणारा भाग, उडाला असेल तर तोही बदलावा लागतो, आणि एअरबॅग चालवणाऱ्या मॉड्यूलचंही काम निघतं. जुन्या गाडीत हा खर्च एकटाच निर्णय फिरवू शकतो. मग कुणीतरी शॉर्टकट सुचवतं: रेझिस्टर लावा, डॅशबोर्डवरचा दिवा विझेल. दिवा विझतो, पण स्टीअरिंगमध्ये एअरबॅग नसते. पुढच्या अपघातात ती गाडी चालवणारा तुमचा मुलगा असेल किंवा ती विकत घेणारा अनोळखी माणूस. एअरबॅगचा खर्च परवडत नसेल तर ती गाडी ठेवणं परवडत नाही, यावर मी वाद घालत नाही.

पाण्यात गेलेल्या गाडीला स्टार्टर मारणं

‘एकदा चालू होते का बघू’ या उतावीळपणाने वाचण्यासारखी इंजिनं गेली आहेत. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग डिझेल असो वा पेट्रोल, इंजिन उतरवावंच लागतं. बॅटरीची तार काढा, गाडी टो करून न्या, एअर फिल्टर ओला आहे का आणि डिपस्टिकवरचं तेल दुधाळ झालंय का ते बघू द्या.

पाणी कुठवर चढलं होतं ते चिखलाच्या रेषेवरून कळतं. फक्त गालिचा भिजला असेल तर सीट काढून सगळं सुकवता येतं. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर मी जुनी गाडी सोडायलाच सांगतो. वायरिंगच्या कनेक्टरमधला गंज महिन्यांनी बाहेर येतो: कधी पॉवर स्टीअरिंग बंद, कधी एबीएसचा दिवा, कधी गाडी मध्येच गप्प. खाऱ्या पाण्यात गेलेल्या गाडीसाठी तर तपासणीचेही पैसे घालू नका.

थोडक्यात आटोपण्यासारख्या चुका

कर्ज बाकी असेल तर भरपाई आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते. किती बाकी आहे ते आधीच विचारा. पैसे खात्यात येईपर्यंत पॉलिसी बंद करू नका. गाडी ज्या यार्डात उभी आहे तिथलं दिवसाचं भाडं कोण भरतंय, हे पहिल्याच दिवशी विचारा. गाडी ठेवणार असाल तर तिला पुन्हा पूर्ण विमा मिळेल का, तपासणी लागेल का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. सामान काढताना म्युझिक सिस्टीममधले फोन नंबर आणि घराचा पत्ताही पुसा.

आणि गाडी सोडलीत तर ती तुमच्या नावावरून उतरल्याचा, किंवा नोंदणी रद्द झाल्याचा, कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चॅसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार होतात, आणि तसं झालं तर पोलीस आधी नोंदीत नाव असलेल्या मालकाच्या दारात येतात. चावी, मूळ कागद आणि गाडी कुणाला कोणत्या तारखेला दिली याची सही-शिक्क्याची पावती घ्या, तिची एक प्रत कंपनीला पाठवा आणि एक स्वतःजवळ ठेवा.