देवळाचा जीर्णोद्धार काढताय? आधी जुना इतिहास असा टिपून ठेवा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात सध्या गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार चाललेत, वर्गणी जमते, कौलं उतरतात, स्लॅब पडतो आणि आवारातले कोरीव दगड ट्रॅक्टरमधनं ओढ्यात जातात. नवं बांधायला माझी अजिबात ना नाही, पण हातोडा पडायच्या आधी महिनाभर तरी एवढं करा.

पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसांकडं जा. देऊळ किती जुनं असं विचारलं की "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून तसं विचारू नका, यात्रेत पहिला मान कुणाचा, पालखी कुठल्या घरापुढं थांबते, गाऱ्हाणं कोण घालतं, हे विचारा आणि त्यांना सांगूनच मोबाईलवर रेकॉर्ड करा.

मग दगड बघा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, ओळखायला सोपा, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला चंद्र-सूर्य. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. आमच्या गावचा वीरगळ कित्येक वर्षं पालथा पडलेला, बायका त्यावर धुणं धुवायच्या, उलटवला तर घोड्याचा लगामसुद्धा शाबूत, अंगावर काटा आला बघा.

अक्षरं दिसली तर खडू, पीठ, तेल काही फासू नका, ऑइलपेंट तर नकोच नको. रात्री टॉर्च बाजूनं आडवा धरून फोटो काढा, सावलीमुळं अक्षरं उठून दिसतात. लिपी बहुतेक जुनी कन्नड असणार, म्हणून हा दगड आपला नाही असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, इथं पूर्वी राज्य केलेल्या कदंब-रट्ट घराण्यांचे शिलालेख कन्नडात, पुढची इनामाची कागदं मोडीत, दोन्ही आपल्याच गावची. फोटो धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेत किंवा म्हैसूरला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेत दाखवा. शक सापडला तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा, तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर 79.

कौलंसुद्धा उलटून बघा. 'बासेल मिशन' आणि 1865 असा शिक्का असला तर देऊळ त्या सालचं असं लगेच लिहू नका, ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, स्वित्झर्लंडच्या बासेल गावच्या मिशनऱ्यांनी काढलेला.

डोळा तयार व्हायला एकदा खानापूर तालुक्यातल्या हलशीला जाऊन या. भूवराह आणि नरसिंह एकाच देवळात समोरासमोर, आणि कदंबांचं ते पायऱ्यापायऱ्यांचं शिखर, तसं आपल्याकडं काय आहे का ते मग आपोआप दिसायला लागतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, 1204 ची, तीपण बघाच.

आणि वीरगळ नव्या भिंतीत सिमेंटनं चिणू नका. आवारातच कट्टा बांधून उभा करा, मागनं हात फिरेल एवढी जागा सोडून, कारण कधीकधी अक्षरं मागच्या बाजूलाही असतात.