सोलापूरच्या उन्हात रानटी वांडा जगवायचा असेल तर

वांडा टेसेलाटा ही आपल्याकडची रानटी आमरी (ऑर्किड) आंब्या-बाभळीच्या फांद्यांवर वाढते. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात, पण ती झाडाचा रस घेत नाही, फक्त आधार घेते. वाऱ्याने पडलेल्या फांदीवर रोप मिळालं तर ते वाचवा; उभ्या झाडावरून मात्र कधीच काढू नका.

कुंडी आणि माती नकोच. मुळं मातीत दाबली की कुजतात. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या खडबडीत फांदीवर, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशा जागी, जुन्या सोलापुरी चादरीच्या सुती पट्टीने रोप बांधा. मुळं साल धरेपर्यंत पट्टी टिकते, नंतर आपोआप कुजून गळते. बांधायला पावसाळ्याची सुरुवात सर्वात चांगली.

पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात: ती कोरडी असली की रुपेरी-पांढरी दिसतात, भिजली की हिरवी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांवर क्षारांचा थर बसतो, म्हणून पावसाचं पाणी साठवून ठेवा.

मुळं औषधी म्हणून काही ठिकाणी ‘रास्ना’ नावाने विकली जातात. घरी त्यांचा काढा करू नका. रास्ना नावाच्या वनस्पती अनेक आहेत, त्यामुळे गफलत होऊ शकते.