बंद कोण करणार? स्टेज लाइट आणि इफेक्टच्या तयारीची यादी

कार्यक्रम ठरला की पहिला फोन येतो तो "अण्णा, शार्पी किती मिळतील?" असा. शार्पी म्हणजे मान फिरवून धारदार झोत टाकणारा दिवा. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम असो, नाहीतर मंडळाचा ऑर्केस्ट्रा. मी आधी उलट विचारतो की हे सगळं बंद कोण करणार, आणि कुठं उभं राहून? सोलापुरात लाइट लावता लावता २२ वर्षं झाली. ज्या वस्तूचं बटण कुणाच्या हाताखाली आहे ते ठरलेलं नाही, ती वस्तू मी स्टेजवर चढवत नाही. खालची सगळी यादी त्याच हिशोबाने वाचा.

तारीख धरताना कॅलेंडर बघा. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची संमेलनं, त्यातच संक्रांतीची गड्डा यात्रा, पुढे १४ एप्रिल, मग गणपती आणि नवरात्र. या दिवसांत चांगला जनरेटर आणि सरळ ट्रस (दिवे टांगायचा लोखंडी सांगाडा) दोन्ही आधीच बाहेर गेलेले असतात, आणि उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला उरलेला माल येतो. पोलीस परवानगी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि महावितरणची तात्पुरती जोडणी हे अर्ज तारीख ठरल्याच्या दिवशीच टाका. मैदानावर स्पीकर रात्री १० ला थांबतात, म्हणून तुमचा सगळ्यात मोठा इफेक्ट पावणेदहाला ठेवू नका. भाषणं लांबतात आणि तो राहूनच जातो.

जागा बघायला दोनदा जायचं. दुपारी जाऊन वीज कुठून येते, जनरेटरची गाडी कुठवर जाते, झाडाच्या फांद्या आणि वरच्या तारा कुठे आहेत हे बघा. रात्री जाऊन रस्त्यावरच्या हायमास्टचा उजेड स्टेजवर पडतो का ते बघा. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात कार्यक्रम असेल तर तिथल्या वायरमनला आधी भेटा. दिवे टांगायच्या कोणत्या बारवर किती वजन चालतं, धुराने अलार्म वाजतो का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता वीज. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीच्या चुका दिसतात आणि विजेची चूक दिसत नाही. आधी कागदावर बेरीज करा. जुना हॅलोजनचा पार, म्हणजे डब्यासारखा साधा स्टेज लाइट, १००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर. असे २४ पार म्हणजे शंभराच्या वर अँपिअर, तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी ३५. तेच एलईडी पार, ५४ बल्ब तीन-तीन वॅटचे, घेतले तर २४ मिळून ४ किलोवॅटच्या आसपास बसतात. प्रेक्षकांकडे झगमगाट टाकणारा चार डोळ्यांचा ब्लाइंडर मात्र एकटाच २६०० वॅट खातो. ६२.५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरने ५० किलोवॅट देतो, आणि तोही नव्वद टक्क्यांवर तीन तास पळवायचा नसतो. साउंडला जमलं तर वेगळा जनरेटर द्या. ते जमत नसेल तर निदान वेगळा फेज द्या, नाहीतर डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) फिरवला की स्पीकरमध्ये गुरगुर येते.

जोडणीला पहिली वायर अर्थिंगची. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. नुसता रॉड ठोकून अर्थिंग लागत नाही. खड्डा करून पाणी घाला, मुरू द्या, संध्याकाळी परत एक बादली ओता. मग मीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-फेज ४०० ते ४१५, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे तीन आकडे मी विजेच्या डब्याच्या झाकणावर खडूने लिहून ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, लावा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का हे डोळ्यांनी बघा.

न्यूट्रलचं, म्हणजे तिन्ही फेजच्या परतीच्या वायरचं, का सांगतो ते ऐका. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर जोडणी दुसऱ्याची होती आणि लाइट आमचे. त्याने न्यूट्रलचा बोल्ट पान्याने न आवळता हातानेच फिरवून सोडला होता. लहान मुलींचा नाच चालू असताना उजवीकडचे पार एकदम पांढरेफटक झाले आणि डावीकडचे लालसर होऊन मावळले. तो रंग मी आजही विसरलो नाही. न्यूट्रल सुटला की फेजना एकमेकांचाच आधार उरतो, आणि ज्या फेजवर भार कमी त्याच्यावर व्होल्टेज चढत जातं, थेट साडेतीनशे व्होल्टच्या पुढेही. मी मेन स्विच पाडला तोवर चार मूव्हिंग हेडचे (शार्पीसारख्या फिरत्या दिव्यांचे) पॉवर सप्लाय जळाले होते आणि स्टेजमागे जळक्या बेकेलाइटचा वास होता. पोरींना काही झालं नाही. मेन माझ्या हाताशी होता म्हणून. तेव्हापासून न्यूट्रलचा बोल्ट मी स्वतः आवळतो, कुणी रागावलं तरी चालेल, आणि मेन स्विचपाशी एक माणूस पूर्ण कार्यक्रमभर बसवतो. त्याला मोबाइल बघायची परवानगी नसते.

केबल गुंडाळीत ठेवून वापरू नका. रिळावरची वायर भार आला की आतल्या आत तापते आणि वरचं प्लास्टिक वितळल्यावरच कळतं. पीळ मारून टेप लावलेला जोड चालणार नाही, त्याला प्लग-सॉकेटच हवं. प्रेक्षकांच्या वाटेवर केबल आली तर तिच्यावर रॅम्प टाका, नाहीतर माणसाच्या उंचीच्या वरून न्या.

टांगण्याचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो सोडू नका. एक शार्पी १५ ते २० किलोची असते. क्लॅम्प आवळल्यावर प्रत्येक दिव्याला वेगळी सेफ्टी वायर घालायची, ट्रसभोवती फिरवून. वर चढणाऱ्याच्या खिशात काही नको, पाना मनगटाला बांधलेला असावा आणि खाली कुणी उभं नको. एप्रिल-मे मध्ये खुल्या मैदानावर कार्यक्रम असेल तर वळवाचा विचार करा. दुपारभर चाळिशीपार ऊन, आणि संध्याकाळी धुळीचा लोट उठून दहा मिनिटांत वारा. मागचा कापडी पडदा शिडासारखा फुगतो आणि ट्रस ओढतो. पडद्याला झडपा ठेवा, पायाशी पाण्याने भरलेले ड्रम बांधा, आणि किती वारा आला की ट्रस खाली घ्यायचा हे सकाळीच ठरवा. रात्री पाहुणे बसलेले असताना हा निर्णय कुणीच घेत नाही. उन्हात तापलेले एलईडी संध्याकाळी स्वतःहून मंद होतात किंवा बंद पडतात, म्हणून दुपारी त्यांच्यावर कापड टाका, पण चालू करण्याआधी काढा.

डीएमएक्सच्या, म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना हुकूम नेणाऱ्या, वायरीने जितका मनस्ताप दिलाय तितका दिव्यांनी दिलेला नाही. एका लाइनवर ५१२ चॅनल. मूव्हिंग हेड १६ चॅनलचा असेल तर पहिल्याचा ॲड्रेस १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, असे ३२ हेड झाले की लाइन भरली. हे पत्ते चिकटपट्टीवर लिहून दिव्यालाच लावा. माइकची केबल डीएमएक्सला वापरू नका. दोन-तीन दिव्यांपर्यंत चालल्यासारखी वाटते आणि प्रेक्षक बसले की शेवटचे हेड थरथरायला लागतात. लाइन एका दिव्यातून दुसऱ्यात जाते, मध्येच फाटा फोडायचा तर स्प्लिटर लागतो. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा. चार आण्याची वस्तू आहे, पण ती नसली की सिग्नल टोकावरून परत फिरतो.

रंग बसवताना कपडे आधी मागवून घ्या. पोपटी नऊवारी निव्वळ लाल उजेडात काळपट दिसते. आईने महिनाभर शोधून आणलेली साडी असते ती. चेहऱ्यावर लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा टाकू नका, वॉर्म व्हाइट द्या, दोन बाजूंनी साधारण ४५ अंशातून. रंग मागून आणि बाजूने खेळवा. हे समोरचे दिवे एलईडीच ठेवा, त्याचं कारण आहे. शार्पीचा दिवा एकदा विझला की थंड होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, परत पेटत नाही. जनरेटर मध्येच टपकला तर स्टेजवर तेवढा वेळ उजेड कुठून येणार हे आधीच माहीत हवं.

आता ज्यासाठी मुलं फोन करतात ते इफेक्ट.

फॉग मशीनमध्ये तिचंच पाण्यावर आधारलेलं लिक्विड घाला, वासाचं दुसरं काही मिसळू नका. तोंडातून गळणाऱ्या थेंबांनी फळ्या निसरड्या होतात आणि नाचणारी मुलं अनवाणी असतात, म्हणून खाली गोणपाट टाका. मैदानावर वारा धूर पळवतो, तेव्हा तिथे हेझरवर (हवेत विरळ धुकं पसरवणाऱ्या मशीनवर) पैसे घालवू नका. ड्राय आइसचा ढग जमिनीलगत राहतो, फार सुंदर दिसतो, पण तो उणे ७८ अंशांचा कार्बन डायऑक्साइड आहे. उघड्या हाताने धरू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, गाडीतून आणताना काचा खाली ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो. नाचात मुलं जमिनीवर झोपलेली असतील तर हा इफेक्ट मी देतच नाही.

कोल्ड पायरोच्या, म्हणजे ठिणग्यांच्या कारंजाच्या, नावातल्या "कोल्ड" वर जाऊ नका. आत टायटॅनियम-झिर्कोनियमसारख्या धातूची भुकटी जळते. लांब उडालेली ठिणगी लवकर निवते, पण नळीचं तोंड आणि जवळची ठिणगी भाजते. गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम आपण लांबून बघतो. स्टेजवर तीच आग पोरांपासून चार हातांवर असते, वर कापडी मांडव असतो. मांडवाखाली पायरो नाही, हा माझा नियम आहे आणि त्यापायी मी कामं सोडली आहेत. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये स्टेजवरच्या फवाऱ्याने भिंतीचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. १९९५ मध्ये हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला आणि चारशेंवर जीव गेले, त्यात कितीतरी लहान मुलं होती. पायरोच्या शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवा. पेटलेल्या धातूवर पाणी टाकायचं नसतं. विजेच्या डब्यापाशी कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि तो चालवता येणारा माणूस तिथेच उभा करा. मांडवाच्या बाहेर पडायच्या वाटा खुर्च्यांनी बुजलेल्या नाहीत ना, हे दार उघडण्याआधी चालून बघा.

सीओटू जेटचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा पांढरा झोत सोडणाऱ्या यंत्राचा, सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. कागदाचे तुकडे उडवणाऱ्या पेपर ब्लास्टमध्ये कागदच भरा, चकचकीत फॉइल तारांवर बसली तर शॉर्ट होतो. स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा) मी सेकंदाला चारच्या वर नेत नाही, आणि आधी माइकवरून सांगायला लावतो, कारण काहींना त्याने फिट येऊ शकते. लेझर माणसांच्या डोक्यावरूनच जाईल असा बांधा. डोळ्यांचं तर आहेच, समोरच्या मोबाइलचा सेन्सरही जळतो. आभाळात लेझर किंवा शार्पी सोडू नका, होटगी रोडला विमानतळ आहे.

आमच्या पोरांत कुणी घरी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी. घाईत प्रत्येकाच्या तोंडात आपली भाषा येते. म्हणून थांबवण्याचा शब्द एकच: "बंद." तो कुणीही म्हणावा, अगदी चहावाल्या मुलानेही, आणि ऐकणाऱ्याने कारण न विचारता हात खाली आणावा. रंगीत तालमीत हे दोनदा करून घ्या. पायरोचं बटण त्याच्या हातात द्या ज्याला स्टेज पूर्ण दिसतं. मिक्सरवाल्याला ते देऊ नका, त्याच्यापुढे प्रेक्षक उभे राहतात.

कार्यक्रम संपला की घाई सुरू होते, गाडीवाला हॉर्न देतो. तरी शार्पीचे पंखे पंधरा मिनिटं फिरू द्या. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, उरलेली भुकटी कोरड्या डब्यात, फॉगचं लिक्विड काढलेलं. सेफ्टी वायरी मोजून घ्या, जितक्या वर गेल्या तितक्या खाली यायला हव्यात. मग मेन पाडा, मीटर लावून शून्य बघा, फेज सोडवा, न्यूट्रल सोडवा. अर्थिंगची वायर सगळ्यात शेवटी काढायची.