स्पॅनिशमधला ‘बेर्दे’ म्हणजे नुसता हिरवा नाही, या चुका टाळा

रंगांच्या धड्यात ‘बेर्दे म्हणजे हिरवा’ असं पाठ होतं आणि पुढे महिनोन्‌महिने सगळीकडे हिरवाच लावला जातो. (लिहिताना व्ही असला तरी स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी चा उच्चार एकच, त्यामुळे वेर्दे म्हणू नका.)

सगळ्यात जास्त घोळ ‘सेर’ आणि ‘एस्तार’मुळे होतो. दोन्हीचं मराठी ‘असणे’च, पण सफरचंद ‘एस बेर्दे’ (एस हे सेरचं रूप) म्हटलं तर ते रंगाने हिरवं आणि ‘एस्ता बेर्दे’ (एस्ता हे एस्तारचं) म्हटलं तर सहसा अजून पिकलेलं नाही. माणसाला ‘एस्ता मुय बेर्दे’ म्हटलं की तो त्या कामात नवखा, आणि हे आपल्याला पटकन कळायला हवं कारण ‘गणितात कच्चा’ आपण रोजच म्हणतो.

पण हाच ‘कच्चा’ फसवतो पण! कच्ची कैरी आणि कच्चा कांदा, आपला शब्द एकच, स्पॅनिशमध्ये मात्र न पिकलेलं ते बेर्दे आणि न शिजवलेलं ते क्रूदो. कच्चा कांदा हवा असेल तर ‘सेबोया क्रूदा’ म्हणा, ‘सेबोया बेर्दे’ मागितलात तर लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पातीचा कांदा समोर येईल. इक्वाडोरमध्ये तर ‘बेर्दे’ हे थेट कच्च्या केळ्याचंच नाव झालंय, ते शिजवून कुस्करून, आत चीज नाहीतर पोर्क भरून केलेला गोळा म्हणजे ‘बोलोन दे बेर्दे’. आपल्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात ना, स्पॅनिश गोष्टीत कोल्हीण म्हणते ‘एस्तान बेर्देस’, म्हणजे पिकलीच नाहीत.

आता जरा जपून. ‘बिएखो बेर्दे’ म्हणजे आपला हिरवट म्हातारा, अगदी त्याच अर्थाने, त्यामुळे कुणाच्या ठणठणीत आजोबांचं कौतुक करायला हा शब्द चुकूनही वापरू नका, सरळ अपमान होतो. आणि शर्टाचा रंग हिरवट असेल तर ‘बेर्दोसो’, तो शब्द वेगळा. चावट विनोद म्हणजे ‘चिस्ते बेर्दे’, पण मेक्सिकोत त्यालाच ‘चिस्ते कोलोरादो’ म्हणतात, म्हणजे चक्क लाल, हे मला फार आवडतं.

स्पेनमध्ये कुणी ‘मे पुसो बेर्दे’ म्हणालं तर तिथे इंग्रजीतल्या ‘ग्रीन विथ एन्व्ही’सारखा मत्सराचा काही संबंध नाही, कुणीतरी माझी खरडपट्टी काढली किंवा मागे वाट्टेल ते बोलला असा अर्थ. हे वाक्य आख्खंच लक्षात ठेवा, शब्द सुटे करून लावायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

व्याकरणाचं थोडक्यात: ‘बेर्दा’ असं रूप नाही, स्त्रीलिंगीलाही बेर्देच, अनेकवचनी बेर्देस. फक्त गडद हिरवे शर्ट म्हणायचं असेल तर ‘कामिसास बेर्दे ओस्कूरो’, तिथे बेर्देला ‘स’ लावत नाहीत आणि ओस्कूरोलाही नाही.